लेकीला मानवशास्त्र शिकायचंय. हा विषय नेमका कशासाठी असतो, आणि पुढं टिकणार का?

मांजराकाठ
राम राम मंडळी. लातूरजवळच्या एका गावात माझं बी-बियाण्याचं दुकान आहे, थोडी शेती आहे. थोरली लेक बी.एस्सी. झाली, प्राणिशास्त्रात. बारावीनंतर दोन वर्षं नीटच्या क्लासला होती, आमच्याकडं घरोघरी असतात तशी. नंबर लागला नाही, त्याचं दुःख आता राहिलं नाही. पण परवा जेवताना म्हणाली, बाबा मला मानवशास्त्रात पुढं शिकायचंय, पुण्याला नाहीतर हैदराबादला. मी विचारलं त्यात काय शिकवतात, तर म्हणाली माणसं कशी जगतात ते. मी म्हटलं ते तर दुकानात बसून मला रोज दिसतंय की. ती गप्प झाली, आणि मलाच वाईट वाटलं.
म्हणून इथं विचारतोय. नोकरी लागते का एवढंच सांगू नका. हा विषय कशाला निघाला, आज त्याचा उपयोग काय, आणि अजून वीस वर्षांनी कुणी शिकवणार आहे का? जाणत्यांनी मोकळेपणानं लिहा, विरोधात असेल तरी चालेल.

अंबाजोगाईकर
यूपीएससीला ऑप्शनल असतो ना हा? दोन पेपर, पाचशे मार्क. आमच्या भाच्यानं इंजिनिअरिंग करून हाच घेतला होता. अभ्यासक्रम आटोपशीर आहे म्हणतात.

सरळमार्गी
मी विरोधातलं लिहितो. लेकीच्या बाबतीत स्पष्ट बोललेलं बरं. हा विषय इंग्रजांनी राज्य करायला वापरला. कोण कुठल्या जातीचं, कोण लढाऊ, कोण चोर, हे लिहून ठेवायचं आणि त्यावर कायदे करायचे. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आठवा, जन्मतःच अख्ख्या जमातीवर शिक्का. स्वातंत्र्यानंतर १९५२ ला तो रद्द झाला, पण पारध्याच्या पोरावरचा पोलिसांचा संशय गेला का? आता तर मोबाईलवर सर्व्हे होतात, कॉम्प्युटर लाखो लोकांची उत्तरं एका दिवसात चाळतो. एकानं एका गावात वर्षभर बसून वही भरायची, हे कुणाला परवडणार? समाजशास्त्र आहे, इतिहास आहे, तेवढं बास आहे. अमेरिकेनं तर २००७ पासून अफगाणिस्तान आणि इराकमध्ये फौजेबरोबर असे अभ्यासक पाठवले होते. ज्ञान कुणाच्या हातात जातं तेही बघा.

गोदाकाठची
सरळमार्गी, त्या फौजेच्या योजनेला अमेरिकेतल्या मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेनंच त्याच वर्षी जाहीर विरोध केला होता, ते पण लिहा ना. बाकी सविस्तर रात्री लिहिते, आत्ता कॉलेजात आहे.

किनवटकर
मी किनवटचा. आमचा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, जो आता तेलंगणात आहे, गोंड-कोलामांची वस्ती तिकडं आणि इकडं सारखीच. त्यामुळं ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत आहे.
१९४० ला जोडेघाटला गोंडांचा पुढारी कोमरम भीम आणि त्याच्या साथीदारांना निजामाच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. मग सरकारला प्रश्न पडला की हे गोंड उठले काऊन. तेव्हा हैदराबादेत ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ होता, महायुद्धामुळं शत्रूदेशाचा नागरिक म्हणून संस्थानात अडकलेला. त्याला आदिलाबादला पाठवलं. तो आणि त्याची बायको बेट्टी मारलवाई गावात जाऊन राहिले, गोंडांच्यात. त्यानं सरकारला सांगितलं की हे बंड नाही, जंगल राखीव केलं आणि जमिनी सावकार-पाटलांच्या नावावर गेल्या, हे त्याचं कारण आहे. त्यानंतर गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले. मारलवाईत गोंड पोरांना शिक्षक करायचं केंद्र निघालं आणि गोंडी भाषेची वाचनाची पुस्तकं देवनागरीत छापली.
आजही मारलवाईत बेट्टीची समाधी आहे. जानेवारीत तिथं लोक जमतात. राज्य करणाऱ्यांच्या पगारावरचा माणूस होता, हे सरळमार्गींचं बरोबर. पण पोलिसाच्या रिपोर्टात 'दंगेखोर' लिहिलेलं असताना ह्या माणसानं 'भूमिहीन' लिहिलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना हा फरक कळतो.

सरळमार्गी
किनवटकर, हे मला खरंच माहीत नव्हतं. पण एक चांगला माणूस निघाला म्हणून विषय चांगला ठरत नाही.

माळवद
मांजराकाठ, तुमच्या भागातलंच उदाहरण देतो. तुम्हाला माहीतच असेल पण पोरीला सांगा.
३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. मी नववीत होतो. गणपती बुडवून लोक नुकतेच आडवे झालेले. आमच्या घरातले तिघं गेले, त्यावर मी इथं लिहीत नाही. पुढचं सांगतो.
५२ गावं जागा बदलून नव्यानं वसवली. आमचं त्यातलंच. घरं कशी द्यायची तर जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्यावर ७५०. रस्ते पट्टी लावून आखल्यासारखे सरळ, शहरातल्या कॉलनीसारखे. कागदावर लई देखणं दिसत होतं आणि मदत करणाऱ्यांची दानत खरी होती, त्याबद्दल मी मरेपर्यंत कृतज्ञ आहे. पण एका वाड्यात राहणारे आमचे तीन चुलते तीन टोकाला गेले. घराला गोठा नाही, बैलं बांधायची कुठं? परस नाही, बाया आंघोळीचं पाणी टाकणार कुठं? जुन्या गावात सुना मागच्या बोळानं आडावर जायच्या, ज्या बोळात गडीमाणूस बसत नसायचा. नव्या गावात बोळच नाही, पाण्याला जायचं तर सगळ्या वडीलधाऱ्यांसमोरून हमरस्त्यानं. पहिलं वर्षभर आमच्या काकू अंधार पडल्यावरच पाण्याला जायच्या. चूल घरात पेटवली तर धूर जायला साणं नाही, म्हणून दोन वर्षांत गल्लीत प्रत्येक घराच्या पुढं पत्र्याचं शेड आलं. आजपण येऊन बघा, खरा संसार त्या शेडात आहे आणि पक्क्या खोलीत ज्वारीची पोती, खताच्या गोण्या.
मग पुष्कळ वर्षांनी एक बाई अभ्यासाला आल्या होत्या. फॉर्म नव्हता त्यांच्याकडं. चार दिवस नुसत्या आईजवळ बसल्या, भाकरी थापायला शिकल्या, जमली नाही. चौथ्या दिवशी आईला म्हणल्या, मावशी, पहाटे उठल्यापासून तुम्ही जुन्या घरात कुठून कुठं जायच्या ते मला चालून दाखवता का? आणि आई उठली. ह्या एवढ्याशा खोलीत तिनं ढेळज दाखवली, ओसरी दाखवली, चौकात तुळस, डाव्या हाताला धान्याचं बळद, तिथून न्हाणी. जिथं भिंत आडवी आली तिथं थांबली आणि भिंतीवर हात ठेवून म्हणली, ह्याच्या पलीकडं गोठा. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझी आई दहा-बारा वर्षं झाली तरी मनानं त्याच घरात चालायली होती.
घरं बांधायच्या आधी कुणी असं चार दिवस बसलं असतं तर? एवढंच मला ह्या विषयाबद्दल म्हणायचंय.

अंबाजोगाईकर
वाचून सुन्न झालो. पाचशे मार्काचं लिहिलं ते जाऊ द्या.

तेरणाकाठ
माळवद दादा, मीपण धाराशिवकडचा, भूकंपातलाच. तुमचं दुःख तेच माझं. पण एक गोष्ट आपण म्हटली पाहिजे, त्या मातीच्या छतानंच, माळवदानंच माणसं मारली. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर गाडीभर माती. नव्या घरात माझी लेकरं बिनघोर झोपतात. जुनं ते सगळं चांगलं असं अभ्यासकांनी लिहून ठेवलं तर त्यांचं काय जातंय, राहायचं आपल्याला.

माळवद
तेरणाकाठ, शंभर टक्के मान्य. छत सिमेंटचंच पाहिजे. पण भूकंपात टिकणाऱ्या घराला गोठा चालत नाही असं कुठल्या इंजिनिअरनं सांगितलंय? कुणी विचारलं नाही म्हणून तो नकाशात आला नाही, माझं म्हणणं तेवढंच.

गोदाकाठची
आता सविस्तर. मी समाजशास्त्र शिकवते, एम.ए.ला मानवशास्त्राचे पेपर केलेत.
मांजराकाठ भाऊ, ह्या विषयाला चार पाय आहेत. एक शरीराचा: हाडं, उत्क्रांती, आनुवंशिकता. तुमच्या लेकीचं प्राणिशास्त्र इथं कामी येईल. सापळा सापडला तर तो बाईचा की पुरुषाचा हे कमरेच्या हाडावरून सांगणारे लोक ह्याच शाखेतले. दुसरा समाज आणि संस्कृतीचा, तिसरा पुरातत्त्वाचा, चौथा भाषेचा. समाजशास्त्रात आम्ही बहुतेक वेळा प्रश्न ठरवून जातो. मानवशास्त्राची शिस्त अशी की आधी जाऊन राहायचं, भाषा शिकायची, प्रश्न तिथं उभे राहतात. मालिनोव्स्की नावाचा मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर तंबू ठोकून राहिला तेव्हापासून ही पद्धत पक्की झाली.
सरळमार्गींचा आरोप खरा आहे आणि तो लपवायचा नाही. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले, हा माणूस नाकाची लांबी-रुंदी मोजून जातीची उच्च-नीचता सिद्ध करायला निघाला होता. पण त्याच विषयातून इरावती कर्वेही निघाल्या. बर्लिनला जाऊन त्यांनी माणसांच्या कवट्यांच्या ठेवणीवर काम केलं, १९३० ला डॉक्टरेट मिळवली. त्यांचा मार्गदर्शक ऑयगेन फिशर गोऱ्यांची श्रेष्ठता मानणारा, पुढं नाझींच्या कामाला आलेला. त्याला हवा तो निष्कर्ष मापांतून निघत नाही, हे पंचविशीतल्या ह्या मराठी बाईनं त्याच्याच संस्थेत बसून लिहून दिलं. मग पुण्यात डेक्कन कॉलेजला आयुष्यभर शिकवलं, वारीत पायी चालल्या, गावोगाव जाऊन नात्यागोत्याच्या याद्या केल्या. त्यांनीपण पुढं लोकांची डोकी-नाकं मोजलीच, तेही मी सांगते पोरांना. मोजणं आणि ऐकणं दोन्ही ह्या विषयात आहे. भांडण आहे ते मोजून काय ठरवायचं ह्यावर.

नांदेडचा_एक
मोजून काय ठरवायचं ते मी सांगतो. आम्ही मन्नेरवारलू. माझ्या धाकट्या भावाच्या जमात प्रमाणपत्राची पडताळणी होती, मेडिकलला नंबर लागलेला. एका कार्यालयात त्याला बसवून विचारलं, तुमचा देव कोणता, लग्नात काय विधी करता, मयत पुरता की जाळता. अठरा वर्षांचं पोरगं, नांदेडात वाढलेलं, कोचिंग आणि घर एवढंच बघितलेलं. म्हणालं जाळतो. खरं तेच सांगितलं, आजोबाला जाळलंच होतं. समोरच्यानं काहीतरी लिहिलं आणि मान हलवली. भाऊ बाहेर येऊन मला विचारतो, दादा, आपण कोण आहोत हे मला माहीत नाही का?
हे प्रश्न आले कुठून? १९६५ च्या लोकूर समितीनं अनुसूचित जमातीचे निकष सांगितले: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक दुरावा, बाहेरच्या लोकांशी बुजरेपणा आणि मागासलेपण. म्हणजे शिकलेला, शहरात आलेला, न लाजणारा आदिवासी झाला की संशय घ्यायचा? २०२३ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं की ही चालीरीतींची कसोटी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, स्वातंत्र्याआधीच्या कागदाला जास्त वजन आहे. आमचं पणजोबाचं कागद होतं, भावाचं काम झालं, पण मधली दीड वर्षं आईनं जेवण धड केलं नाही.
मी विषयाच्या विरोधात नाही. पण तुमच्या लेकीनं शिकायचंच असेल तर माणूस बदलतो हे आधी शिकावं. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी वहीत लिहिलं आणि त्या वहीवरून माझ्या भावाला नापास करायला निघाले.

किनवटकर
आमच्याकडं आंध जमातीच्या लोकांना हाच त्रास. शिवाय एकच समाज सीमेच्या अलीकडं एका यादीत आणि पलीकडं दुसऱ्या. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमात, महाराष्ट्रात विमुक्त. सोयरिकी तर दोन्हीकडं चालू आहेत.

बालाघाट
आता ह्यावरून आरक्षण, हैदराबाद गॅझेट सगळं सुरू होईल. कृपा करून त्याला वेगळा धागा काढा, हा चांगला चाललाय.

डोंगरची_आशा
मी आशा वर्कर आहे, बीड जिल्ह्यात. मला विषयाचं नाव पण नीट माहीत नव्हतं, सगळं वाचलं आणि लिहावं वाटलं.
आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत तसंच असतं, बाईचं वेगळं नाव नसतं. दसरा-दिवाळीला उचल घेऊन टोळ्या निघतात ते उन्हाळ्यात परत. २०१९ ला सगळीकडं बातम्या आल्या, बायकांच्या गर्भाच्या पिशव्या काढल्याच्या. सरकारी समितीनं ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. आकडा बरोबर आहे, मीपण फॉर्म भरलेत. फॉर्मात रकाना होता, ऑपरेशनचं कारण. बायका सांगायच्या, पांढरं जायचं, पोट दुखायचं. मी तेच लिहायचे.
पण फॉर्म मिटल्यावर चहा पिताना खरं यायचं. एक जण म्हणली, ताई, फडात पाळी आली की आडोसा नाही, पाणी नाही, कोपीत नुसतं एक मडकं. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढायचं. एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड कापतो आणि तो दोघांचा कापतो, कारण कोयता एक. मग नवरा बोलतो. लेकरं झाली, लग्न पंधराव्या वर्षी झालेलं, डॉक्टर म्हणाला गाठ आहे, पुढं कॅन्सर होईल, काढून टाक. त्यासाठी परत मुकादमाकडूनच उचल. हे सगळं 'पोट दुखायचं' मध्ये कसं बसवायचं? फॉर्मात रकाना दोन बोटं रुंदीचा होता.
असं चहा पिताना जे येतं ते लिहिणाऱ्यांचा विषय असेल हा, तर तुमच्या लेकीला पाठवा दादा. आणि शिकून झाल्यावर आमच्याकडं पाठवा. राहायची सोय माझ्या घरी.

मांजराकाठ
ताई, डोळ्यात पाणी आलं. लेकीला वाचून दाखवलं.

डॉक्टर_परभणी
आशाताईंना सलाम. आम्ही डॉक्टर लोक पण चहाच्या आधीच उठतो, हे कबूल करतो.
एक उदाहरण माझ्याकडून. २०१४ ला पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ होती. प्रेताला आंघोळ घालायची, हात लावायचा, ही तिकडची रीत, आणि त्यातून लागण व्हायची. आरोग्य पथकं पांढरे सूट घालून प्रेतं उचलून न्यायला लागली तर लोक आजारी माणसं लपवायला लागले. तेव्हा मानवशास्त्रज्ञ मधे पडले, विधीतलं कशाशिवाय चालतं आणि कशाशिवाय मृत्यूच पुरा होत नाही हे घरच्यांना विचारून घेतलं. त्यातून हात न लावता पण घरच्यांसमोर, प्रार्थना म्हणून दफन करायची पद्धत बसवली, आणि साथ आवरायला ती उपयोगी पडली. मी २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोविड वॉर्डात होतो. एक मुलगा काचेतून विचारत होता, सर, नुसतं तोंडात तुळशीपत्र ठेवू द्या. नियमात बसत नव्हतं. ते तुळशीपत्र मी ग्लोव्ह घालून ठेवू शकलो असतो. मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मला सुचलं नाही.

बालाघाट
थोडं अवांतर. येळवस म्हणजे वेळ अमावस्या जवळ आली की पुण्यातले मित्र विचारतात काय असतं. कडब्याची कोप, चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, बिंदग्यात आंबील, भज्जी, उंडे. आणि रानाला फेरी मारत आंबील शिंपडताना 'ओलगे ओलगे सालन पलगे'. माझा बाप म्हणायचा, त्याचा बाप म्हणायचा. अर्थ काय? कुणी म्हणतं कानडी आहे.

तेरणाकाठ
आमच्याकडं पण तेच. त्या दिवशी लातुरात संचारबंदी लागल्यासारखं असतं, सगळं शहर रानात. ह्याच्यावर कुणी नीट बसून लिहिलं पाहिजे, कानडी-मराठीची सीमा आपल्या जिभेवरून जाते. भज्जी कशी करता ते पण लिहा, आमच्यात हरभऱ्याचा पाला जास्त.

सरळमार्गी
मी दोन दिवस गप्प वाचत होतो. आशाताई आणि माळवद ह्यांच्या पोस्टनंतर माझं 'लाखो लोकांची उत्तरं कॉम्प्युटर चाळतो' हे वाक्य मागं घेतो. रकानाच चुकीचा असेल तर लाख उत्तरं घेऊन काय करणार. पण मांजराकाठांचा दुसरा प्रश्न राहिला. पुढं काय? पोट भरेल का, आणि विद्यापीठात विषय राहील का?

गोदाकाठची
खरं सांगते, जागा थोड्या आहेत. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था १९४५ पासून आहे, मुख्यालय कोलकात्याला. त्यांनीच १९८५ ला देशभरातल्या समाजांची नोंद सुरू केली, ४,६३५ समाज मोजले. पुण्यात आदिवासी संशोधन संस्था आहे. शिवाय आरोग्य प्रकल्प, पुनर्वसन, सामाजिक संस्था, न्यायवैद्यक, संग्रहालयं. ओळीनं जाहिराती निघतील असा विषय नाही, तेवढी कळ काढायची तयारी पाहिजे. प्राध्यापकीवर तर अजिबात विसंबू नका, आमच्याकडं तासिका तत्त्वावर किती जण झिजलेत ते मी रोज बघते.
पण भविष्याचं म्हणाल तर मला एकच आशा दिसते. शंभर वर्षं हा विषय बाहेरून येणाऱ्यांनी केला. आता पारध्याची मुलगी, गोंडाचा मुलगा, ऊसतोड घरातलं पोर हे स्वतः वही घेऊन बसायला लागलेत. नांदेडच्या भावाला जो प्रश्न विचारला तो मन्नेरवारलू अभ्यासकानं ठरवला असता तर वेगळा असता. विद्यापीठानं विभाग बंद केला तरी ह्यांचं काम थांबत नाही. विभाग चालू राहून ही पोरं आत आली नाहीत तर मात्र सरळमार्गींचा पहिला प्रतिसादच खरा ठरेल.

नांदेडचा_एक
सहमत. भाऊ आता एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजीकडून मन्नेरवारलू लग्नातली गाणी फोनवर रेकॉर्ड करून ठेवतोय. कुणी सांगितलं नाही त्याला.

मांजराकाठ
मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुकान बंद केल्यावर लेकीला म्हटलं, भर फॉर्म. पुणे आणि हैदराबाद दोन्ही. तिची आई अजून नाराज आहे, तिचं म्हणणं बी.एड. कर. ते आम्ही बघू.
आज सकाळपासून लेक माझ्या आईपाशी बसलीय. आमचं जुनं घर पण माळवदाचं होतं, भूकंपात तडे गेले म्हणून पाडलं, लेकीनं ते बघितलेलं नाही. ती कागदावर नकाशा काढायलीय आणि आई सांगायलीय, तिथं नाही गं, अलीकडं. एका जागी दोघी अडकल्यात. माळवद दादा, तुमच्या आईनं बळद दाखवलं होतं ना? आमची आई म्हणते ज्वारी वरून टाकायचे, लेक विचारते मग काढायचे कुठून. मला आठवंना, मी लहान होतो.

माळवद
माळवदाला भोक असायचं, झाकण लावलेलं. पोती वर चढवून तिथून ओतायची. खाली भिंतीत वीतभर तोंड, त्याला चिंध्यांचा बोळा आणि वरून शेणमाती लिंपलेली. लागेल तेव्हा बोळा काढायचा, ज्वारी आपोआप पाटीत पडायची. पाटी भरत आली की तळहातानं तोंड दाबून धरायचं आणि दुसऱ्या हातानं बोळा बसवायचा. आई हयात आहे, आत्ता विचारून लिहितोय. ती म्हणते, पोरीला सांग, तळाची ज्वारी काढायला लेकरालाच आत उतरवायचे, आणि आत उतरलेलं लेकरू म्हणजे तू होतास.